आजचा निरोप

रत्नप्रभाचा हार घातलेला फोटो तिच्या आईच्या मोबाइलवर पोचला होता. खाली लिहिलं होतं, 'कै. रत्नप्रभा यांच्या हातचा मालवणी मसाला, आता वेबसाइटवर.' बाजूला दोन निळ्या खुणा. म्हणजे उघडूनही झाला होता.

तिच्या नवऱ्याने, धाकूने, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "नितेश, हे कोणाकोणाला पाठवलंस?"

"सगळ्यांना. आईच्या फोनमध्ये जेवढे नंबर होते तेवढ्यांना. लोकांना कळायला नको, वेबसाइट चालू झालीय ते?"

सून मानसी मसाल्याच्या पिशव्या बंद करत होती. तिचे हात थांबले. "मी सांगितलं होतं ना, ज्यांनी विचारलंय त्यांनाच पाठव. न मागता पाठवलं की लोक वैतागतात."

"एका मेसेजने कोण मरतंय गं?"

धाकूने फोन त्याच्यापुढे धरला. वर नाव होतं, आई गाव. "आजीलाही गेला?" नितेश म्हणाला.

रत्नप्रभाची आई जानकी मालवणजवळच्या वाडीत एकटी राहायची. हृदय अधू. रत्नप्रभा गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, म्हातारीला हे सोसणार नाही. म्हणून तिला सांगितलंच नाही. वाडीतल्या सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. तिथे बोलताना फोन तुटायचा, म्हणून रत्नप्रभा दर रविवारी आपल्या आवाजात निरोप भरून पाठवायची. ती गेल्यावर धाकू तिच्याच फोनवरून तिचे जुने निरोप पुन्हा पाठवत राहिला. आजही तो बोरीवलीच्या घरात त्यासाठीच फोन घेऊन बसला होता.

त्याने जानकीच्या शेजारणीला, शेवंतीला, फोन लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला. रत्नप्रभा गेली तेव्हा निदान तो उशाशी होता. म्हातारीजवळ कोणी नसेल. पडली असेल तर कोणाला कळणारही नाही.

तेवढ्यात हातातला फोन वाजला. आई गाव.

जानकीला स्वतः फोन लावता येत नव्हता. म्हणजे दुसऱ्याच कोणीतरी लावला होता.

"बाबा, उचला," मानसी म्हणाली.

त्याने उचलला. पलीकडे कोणीतरी धापा टाकत होतं.

"शेवंतीचो हात धरून देवळापर्यंत चढलंय. हयसर आवाज येता," जानकी म्हणाली. "जावयानू, रत्ना परत परत इचारता, गाय व्याली काय. गाय तर गेल्या वर्सा इकली. ती पण तिकाच इचारून."

"आई, म्हणजे तुमका..."

"इकलेल्या गायीचा इचारल्यान तेव्हाच कळला. तुमका सांगूचो धीर होईना, म्हणून मी पण गप रवलंय."

"चुकला माझा. तिचे निरोप परत धाडूचंय नाय."

पलीकडे वारा सुटला होता. नीट ऐकू यावं म्हणून धाकूने फोन कानावर घट्ट दाबला.

"इतके दिवस मी मागूक नाय, तरी धाडलात," जानकी म्हणाली. "आता मागतंय. आजचो अजून येवक नाय."