काढता येईल असाच

"पक्का नको. काढता येईल असाच द्या," घड्याळजी पुन्हा म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी हातातला आरसा ट्रेमध्ये जरा जोरातच ठेवला. सकाळपासून त्यांचं डोकं तापलेलं होतं, आणि त्यात हे. खुर्चीत आडवा झालेला म्हातारा काही अडाणी नव्हता. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला, केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने अलगद उचलणारा माणूस. चांगली वस्तू कशाला म्हणतात हे त्यालाही कळू नये?

"अहो, ती गुलाबी पट्टी, तिला तारेचे आकडे. रोज काढा, धुवा, झोपताना वाटीत ठेवा. कशाला ही कटकट? त्यापेक्षा हाडात स्क्रू बसवू. स्वतःचाच दात असल्यासारखा राहील. जन्मात हलायचा नाही."

"तेच नको," घड्याळजी म्हणाले.

शेजारी स्टुलावर बसलेल्या मुलाने कपाळाला हात लावला. "बाबा, खर्चाचं मी बघतो म्हटलं ना? समोरचा दात आहे. चार लोकांत बरं दिसतं का?" मग बाईंकडे वळून तो ओशाळं हसला. "घरीसुद्धा असंच असतं, डॉक्टर. सकाळपासून दातांच्या कण्या केल्यात मी."

बाईंना त्याची दया आली. या खुर्चीशेजारी त्यांनी नाना तऱ्हेची मुलं पाहिली होती. आईबापाला दारात उतरवून गाडीतच बसून राहणारी, 'सगळ्यात स्वस्त काय ते करा' म्हणून फोनवरून सांगणारी. हा बिचारा दुकानातून रजा काढून आला होता. बापाचा दंड धरून त्याला जिना चढवून आणलं होतं. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तरही त्यानेच दिलं होतं. मघाशी बापाची कॉलर सारखी करायला त्याने हात पुढे केला, तर म्हाताऱ्याने डोळे मिटून मान फिरवली. एवढीही माया सोसवू नये माणसाला!

आणि बाईंचा खरा राग तर वेगळाच होता. वर्षापूर्वी याच तोंडात त्यांनी पक्का दात बसवला होता. मन लावून, रंग जुळवून. तो शेजारच्या दाताचा तुकडा घेऊन निघाला. कारण विचारलं तर म्हणे, अक्रोड फोडला.

"दातानं अक्रोड? या वयात?"

"खावासा वाटला," घड्याळजी छताकडे बघत म्हणाले.

"सांगून थकलो मी," मुलगा म्हणाला.

दुसऱ्याच्या कामाची काडीची किंमत नाही, आणि आता काटकसर सुचतेय! दात कोरून पोट भरत नाही, हे यांना कोणी सांगावं? बाईंनी माप घेतलं खरं, पण एक शब्द गोड बोलल्या नाहीत.

दात तयार झाल्यावर दोघं पुन्हा आले. मुलगा बाहेर फोनवर बोलत उभा राहिला. बाईंनी दात बसवला, आकडे जरा आवळले आणि आरसा पुढे धरला. रंग इतका बेमालूम जुळला होता की घटकाभर त्यांचा राग निवळला. घड्याळजींनी मात्र आरशात पाहिलंच नाही.

"एका हातानं निघेल?"

"निघेल की. अंगठ्याचं नख इथं लावायचं आणि खाली ओढायचं."

घड्याळजींनी अंगठा तोंडात घातला. टक्. पुन्हा बसवला. टक्. मग डाव्या हाताने. टक्. बोटं अजून घड्याळजीचीच होती. शेवटी शेवटी तर दात कधी निघाला आणि मुठीत कधी गेला, ते बाईंना दिसलंही नाही.

"अहो, हा काय खेळ आहे?" बाई उसळल्या. "दात तोंडात ठेवायला दिलाय. सारखा काढलात तर आकडे सैल होतील. मग तक्रार घेऊन येऊ नका माझ्याकडे."

"सारखा नाही काढणार."

"मग एवढ्या घाईनं काढायला शिकताय कशाला?"

घड्याळजींनी मुठीतला दात उजेडात धरून त्याचे आकडे निरखले. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

तेवढ्यात मुलगा आत आला. "बसला का छान? हसा बघू, बाबा."

घड्याळजींनी दात बसवला आणि लगेच हसले.

बाईंना राहवलं नाही. "छान कसला? यांना तो तोंडात नकोच आहे. बसवल्यापासून नुसते काढतायत. मागचा पक्का दातही असाच वाया घालवला. तुम्ही फार गोडीगुलाबीनं घेता हो. जरा दमात घ्या यांना, त्याशिवाय हे ऐकायचे नाहीत."

मुलाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. "घेतो," तो म्हणाला. "बाबा, मी गाडी दाराशी आणतो. या तुम्ही खाली."

त्याची पावलं जिना उतरून गेली. घड्याळजी खुर्चीतून उठले. त्यांनी दात काढला, रुमालात गुंडाळला आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

आता मात्र कमाल झाली. बाईंचा आवाज चढला. "अहो, तो खाली पोचलाही नसेल, तोवर काढलात? एवढं करतोय बिचारा तुमच्यासाठी. थोडी तरी चाड?"

घड्याळजींनी खिशाचं बटण लावलं.

"दमात घ्यायला तुम्हीच सांगितलंत ना त्याला, डॉक्टर," ते म्हणाले. "मागचा पक्का दात पहिल्याच ठोशात गेला. हा तरी वाचू दे."