वाऱ्याकडची खोली

"खकाणा कुठं बसतो आन् कुठं बसत न्हाय, एवढंच सांग," रायगोंडाअण्णा म्हणाले.

निपाणीतल्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनाची शेड अण्णांनी विकत घेतली, त्याला बरीच वर्षं झाली होती. आता ती पाडून त्याच जागी तंबाखूची नवी वखार बांधायची होती, लगत हापीसही. बेळगावच्या कॅम्पातून आलेला ओव्हरसियर पोत्यांच्या थप्पीवर कागद पसरून बसला होता. त्याला इमारतीतलं सगळं कळत होतं, तंबाखूच्या धुळीतलं, खकाण्यातलं काही कळत नव्हतं. म्हणून मालुबाईला चाळणीवरून उठवून आणलं होतं. या शेडमध्ये तिनं चौदा वर्षं तंबाखू चाळली होती.

मालुबाईला भरून आलं. चौदा वर्षांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. विचारलंच तर पदराखाली काय लपवलंय, एवढंच. तिची लेक अक्काताई मागंच उभी होती, तोंडावर पदर दाबून. पोरीला दोन वर्षं खोकला होता. वैद्यानं औषध द्यायचं सोडलं होतं. पोरीला मोकळ्या हवेत ठेव म्हणाला होता, जणू हवा बाजारात मिळते. आणि आज तीच हवा कुठून येते, हे अण्णा विचारत होते.

तिनं काही हातचं राखलं नाही.

"मधल्या खांबापास्नं उगवतीच्या भितीपतोर लई खकाणा, अण्णा. समोरचं माणूस दिसत न्हाय. पर ह्यो हिरीकडचा कोपरा बगा. घाटाकडचा वारा हितनं आत येतो. हितं बसलं की नाक बी चुरचुरत न्हाय. खिडक्या हितं काढा, सायेब. मोठ्या काढा."

ओव्हरसियर भराभर रेघा ओढत गेला. एक चौकोन झाला, त्याला तीन खिडक्या झाल्या. मालुबाईनं त्या चौकोनात लेकीला केव्हाच नेऊन बसवलं होतं, चाळणीसकट.

"हितं किती बायका बसतील?" तिनं विचारलं.

"बायका? हे हापीस आहे," ओव्हरसियर म्हणाला. त्यानं पेन्सिलीचं टोक मधल्या खांबावर टेकवलं. "चाळण्या इथं."

"खकाणा तिकडंच जातोय, तर बायका बी तिकडंच बऱ्या," अण्णा म्हणाले. अण्णा कधी आवाज चढवत नसत. त्यांना तशी गरजच पडत नसे.

मालुबाईला स्वतःची जीभ उपटून टाकावीशी वाटली. पण तिनं हात जोडले. "अण्णा, मग माज्या अक्काताईला हापिसात झाडलोटीला तरी ठेवा. जगंल वो पोर."

तेवढ्यात अक्काताईला ढास लागली. इतका वेळ दाबून धरलेली, ती सुटली ती थांबेचना. ती गुडघ्यांवर हात टेकून वाकली. अण्णांनी उपरणं नाकाला लावलं. ओव्हरसियरनं कागद आपल्याकडं ओढून घेतला.

"खोकणारी न्हाय चालायची. हापिसात मुंबईचे व्यापारी येत्यात," अण्णा म्हणाले. मग त्यांनी मालुबाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "झाडायला एक बाई लागंल, खरं. तू खोकतीस काय गं?"

"न्हाय, अण्णा. मला न्हाय खोकला," मालुबाई घाईघाईनं म्हणाली, आणि बोलता बोलता लेकीपासून हातभर बाजूला सरकली.