आजीच्या मुक्कामाचा आलेख

"आई, नीट दिसतंय ना? बघ, सगळ्या अटी एका कागदावर!" देवव्रतने आलेख मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरला.

साताऱ्यात आशालताबाईंनी चष्मा पुसला. एकतीस वर्षं त्यांनी हायस्कुलात गणित शिकवलं होतं. लेकाचं परदेशातलं, टाकानिनीचं नवं घर त्यांनी चार वर्षं फोनवरच पाहिलं होतं. नवी बॅग शेजारीच होती. विमानतळावर ओळखू यावी म्हणून तिला लाल फीतही बांधून झाली होती. किती दिवस यायचं, तेवढं लेकाने सांगायचं बाकी होतं.

देवव्रत आयटीतला माणूस. आईला 'ये' म्हणायलाही त्याला मॉडेल लागायचं. त्याच्या मुलीला, ऋग्वेदाला, शाळेत नेमक्या रेषीय असमानता चालू होत्या, तेव्हा एका दगडात दोन पक्षी. आडव्या अक्षावर मुक्कामाचे आठवडे, उभ्यावर आईला फिरवून आणायच्या खेपा. स्पेअर रूममध्ये त्याचं ऑफिस, म्हणून आठवडे आठापेक्षा जास्त नकोत. बायको स्वानंदी फार्मसिस्ट, तिला वीकेंडलाही शिफ्ट, म्हणून खेपा चारापेक्षा जास्त नकोत. रजा मोजक्या, म्हणून आठवडे अधिक खेपांची दुप्पट मिळून बारापेक्षा जास्त नको. प्रत्येक अटीची एक रेषा. रेषेची कुठली बाजू चालेल, हे ठरवायला ऋग्वेदाने आजीनेच शिकवलेली युक्ती वापरली: आधी शून्य-शून्य घालून बघायचं. तिन्ही वेळा जमलं. तिन्ही अटी जिथे पाळल्या जात होत्या, तो तुकडा तिने हिरवा रंगवला.

"हीप्स ऑफ चॉइस, आजी! ढीगभर पर्याय!" ती म्हणाली.

"आठ आठवडे राहिलीस तर दोनदा फिरू, चार राहिलीस तर चारदा," देवव्रत खुशीत म्हणाला. "हिरव्यातला कुठलाही पॉइंट घे. आमची जबरदस्ती नाही हं."

"हो आई, तुम्हीच ठरवा," स्वानंदी ओट्यापाशी उभी राहून म्हणाली.

इतकी मोकळीक हल्ली किती मुलं देतात! आशालताबाई कागदाकडे बघत राहिल्या. पेपर तपासायची जुनी सवय. त्यांनी प्रत्येक ओळ पुन्हा वाचली. 'जास्त नको' तीनदा होतं. 'निदान इतकं तरी राहा' कुठेच नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. पण बाईंनी वर्गात कधी रडायचं नसतं.

"तो डावीकडचा खालचा कोपरा दिसतो का? तो घेते मी."

ऋग्वेदा हसली. "आजी, दॅट्स द ओरिजिन! झीरो वीक्स, झीरो ट्रिप्स."

आशालताबाईंनी हात लांबवून बॅगेची लाल फीत सोडली.

"घालून बघ, बाळा. एकही अट मोडत नाही."