सर्जेरावांचा भास

"मावशी, छत काय दाखवताय मला? पेशंट दाखवा, पेशंट!" डॉ. नम्रता लॅपटॉपवर ओरडल्या.

टॅब हलला. पंखा, सलाईनची बाटली आणि मग एकदाचे सर्जेराव दिसले. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, नजर भलतीकडेच. टॅब धरणाऱ्या मावशी नखशिखान्त पांढऱ्या किटमध्ये. जुन्या मावशी आजारी पडल्यावर घाईघाईने भरती केलेल्यांपैकी एक, एवढंच सिस्टरने सांगितलं होतं.

मानसोपचारवाल्यांनी कोविड वॉर्डात पाऊल टाकायचं नाही, सगळं व्हिडिओवर, असा हुकूम निघाल्यापासून नम्रताबाईंचं डोकं फिरलं होतं. नारायण पेठेत घरी बसून म्हणे माणसाचं मन तपासा. मन राहू द्या, इथे चेहरा धड दिसेना.

"सर्जेराव, मास्क का ओढून काढता हो?"

"ती गेली की जीव घाबरतो."

"कोण ती?"

"गोदा. आमची मंडळी. रोज येती, पेज भरवती."

नम्रताबाईंनी कपाळाला हात लावला. वॉर्डात नातेवाइकांना सक्त बंदी होती. शिवाय सकाळीच त्यांनी आंबेगावला सर्जेरावांच्या मुलाशी, रणजितशी बोलून घेतलं होतं. "आई मामाकडं गावाला हाय, मॅडम," तो म्हणाला होता. "फोन असतो की तिचा रोज."

"आत्ता आहेत का गोदाबाई तिथे?"

सर्जेराव हसले. "हाय की."

आणि चित्र गोठलं. ते हसू पडद्यावर तसंच अडकून राहिलं. नम्रताबाईंना टेबलावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. समोर बसता आलं असतं, हात हातात घेता आला असता, तर हा भास आहे की तापाची ग्लानी, ते तेव्हाच कळलं असतं. आता सगळं अंदाजपंचे दाहोदरसे! मास्क असाच काढत राहिला तर माणूस हातचा जाणार. थांबवायचं तर गुंगीचं इंजेक्शन द्यायचं आणि हात खाटेला बांधायचे. हे त्यांना मनापासून नकोसं होतं.

चित्र सुटलं.

"मावशी, सिस्टरना बोलवा. आजपासून इंजेक्शन सुरू करायचंय. आणि हात बांधायचेत यांचे."

मावशी हलल्याच नाहीत.

"ऐकू येतंय ना?"

"हात नगा बांधू, बाई." किटमधून घोगरा आवाज आला. "मी बसते पाशी."

"चोवीस तास बसणार आहात का? नाही ना? मग सांगते ते करा."

बोलून झाल्यावर त्यांनाच लाज वाटली. त्या बिचारीचा काय दोष?

टॅब गादीवर पालथा पडला. पडदा काळा झाला, पण कॉल चालूच होता. नम्रताबाईंनी वैतागून तो बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात अगदी जवळून, दबका, रडवेला आवाज आला.

"अवो, मी हितं हाय हे पोराला सुदीक ठावं न्हाई, आन् तुम्ही डॉक्टरणीला सांगून बसलात?"