चिकाचा तांब्या

शेजारची म्हैस व्याली म्हणून आलेल्या चिकाचा तांब्या चिमणाबाईनं पहाटेच राखेनं घासला. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून नारळाची शेंडी घेऊन पुन्हा घासला, विसळला आणि चुलीपाशी उपडा घातला. चिकाचं भांडं धुऊन परत देत नाहीत, आत चिमूटभर साखर टाकून तसंच चिकट द्यायचं असतं, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. भांडं धुतलं की देणाऱ्याची म्हैस आटते. लहानपणी आईनं सांगितलेलं तिला पक्कं आठवत होतं. म्हणून तर घासला.

म्हैस शेजारच्या संयोगिताची, म्हणजे चिमणाबाईच्या चुलतदिराच्या सुनेची. खरं तर सरकारची. तरुण शेतकऱ्यांना दुधाच्या धंद्यात उभं करायची योजना आली, गावातून ढीगभर अर्ज गेले, पन्हाळ्याला चिठ्ठ्या निघाल्या आणि गावातलं एकच नाव आलं, ते हिचं. कोल्हापुरात शिवाजी पेठेत वाढलेली पोरगी. लग्नाआधी म्हशीशी तिचा संबंध गंगावेशीत उभं राहून ग्लासभर दूध पिण्यापुरता. आणि चिमणाबाईचा लेक सम्राट शेणामुतात वाढलेला. अर्ज त्यानंही केला होता. चिठ्ठ्या निघायच्या आधीच त्यानं नवी गव्हाण बांधून ठेवली होती. आता तिच्यात कोंबडी अंडी घालत होती.

सम्राटनं ते मनाला लावून घेतलं नव्हतं, हे तिला जास्तच झोंबत होतं. म्हैस टेंपोतून उतरवायला हाच सगळ्यांच्या पुढं. वर घरी येऊन म्हणाला, "वैनीला जमंल की." घरात दोघं असताना जळायचं काम तिच्या एकटीवर पडलं होतं.

ऊन कलल्यावर ती तांब्या घेऊन निघाली. सम्राटच्या हातून पाठवता आला असता. पण तिला आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं.

गोठ्यात संयोगिता म्हशीपाशी उकिडवी बसली होती. समोरची चरवी रिकामी होती. रेडकू दाव्याला हिसके देत होतं.

"सकाळधरनं पान्हा सोडंना हो काकी," ती म्हणाली. "रेडकू लावून बघितलं, आंबोण घातलं. डॉक्टर येऊन गेले, काय झालं न्हाय म्हणत्यात. आणि उद्या पन्हाळ्याचे साहेब बघायला येणार. ही दुधात दिसली तर दुसरी म्हैस मिळणार. न्हायतर बसला की सगळा खेळ."

चिमणाबाईला आनंदाची उकळी फुटली. इतक्या लवकर गुण येईल असं तिला वाटलं नव्हतं. मग पोरीचं सुकलेलं तोंड दिसलं आणि तिची कीव आली. तरी आनंद गेला नाही. दोन्ही एकाच पोटात राहिलं.

"तुझा तांब्या," ती म्हणाली.

संयोगितानं तांब्या उजेडाकडं धरला, आत बोट फिरवलं. कळलं हिला, असं वाटून चिमणाबाईनं मान खाली घातली. आता ही गल्ली गोळा करणार.

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काकी, अख्ख्या गल्लीत चीक वाटला मी. सगळ्यांनी भांडी तशीच खरकटी परत दिली. वर साखर सांडून ठेवल्याली, मुंग्या लागल्याल्या. नुसतं विसळायचं सुदिक जिवावर आलं! मला काय कळत न्हाय व्हय? जळत्यात सगळी. तुम्ही तेवढ्या आपल्या."

चिमणाबाईनं तोंड उघडलं. या घरात सासू असती तर तिनं पोरीला रीत सांगितली असती. ती नाही, म्हणजे सांगणं चिमणाबाईकडं आलं. पण एक सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. तिनं तोंड मिटलं.

"मी तुमच्याकडंच निघालतो," संयोगिता डोळे पुसत म्हणाली. "आई फोनवर म्हणाली, म्हशीची दृष्ट काढा. पण घरच्याच थोरल्या बाईच्या हातनं, आणि तिचं मन साफ पायजे."

"माझ्या हाताला कुठला गुण आलाय गं? दुसऱ्या कुणाला तरी बलीव."

"दुसरं कोण हाय मला?"

पोरीनं मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या आणून चिमणाबाईच्या मुठीत कोंबल्या. घमेल्यात निखारे आणून ठेवले.

"मिरच्यांचा ठसका लागला तर नुसता आपला वहीम. न्हाय लागला तर नजर खरीच लागलीया, असं आई म्हणाली."

"म्हाईत हाय मला," चिमणाबाई म्हणाली. हेही तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

ती म्हशीवरून मूठ ओवाळू लागली. म्हैस रवंथ करत तिच्याकडं बघत होती.

"आल्यागेल्याची, पावण्यारावळ्याची..." चिमणाबाई पुटपुटली आणि अडखळली.

"शेजाऱ्यापाजाऱ्याची म्हणा की," संयोगिता म्हणाली.

तिनं म्हटलं. मग मूठ निखाऱ्यांवर सोडली. मोहरी तडतडली. मिरच्या फुगल्या, करपल्या, काळ्याठिक्कर पडल्या. धूर गोठाभर झाला. एरवी एवढ्या मिरच्या जळाल्या असत्या तर गल्लीच्या टोकापर्यंत माणसं खोकत उठली असती. संयोगिता नाकावरचा पदर बाजूला करून ठसक्याची वाट बघत उभी राहिली.

"काकी, मला तर कायबी हुईना," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला?"

चिमणाबाई घमेल्यावर वाकली. छाती भरून धूर आत ओढला. पुन्हा ओढला. खोकला काही येईना.