म्हसोबापाशी पडलेला चेंडू

चेंडू म्हसोबाच्या पायाशी जाऊन थांबला, आणि रावसाहेब मोहोळकर तिथे पोचेपर्यंत त्याला शेंदूर लागला होता.

लावणारी बाई अजून तिथेच बसली होती. बोटं केशरी, शेळ्या मागे बाभळीखाली. चेंडूपुढे तिने भाकरीचा तुकडा आणि कांदा ठेवला होता. सोलापूरच्या या माळाला साहेबलोक गोल्फचं मैदान म्हणत. त्यात गवत नव्हतं, सावली नव्हती. एक म्हसोबा तेवढा होता, आणि आजवर सगळे त्याला चुकवून खेळत आले होते. चुकवण्याइतका खेळ रावसाहेबांना येत नव्हता.

"चेंडू कुणाचा?" मागून येत जज्जसाहेबांनी इंग्रजीत विचारलं.

"माझा," रावसाहेब म्हणाले. त्यांच्यासमोर आरोपी ज्या आवाजात गुन्हा कबूल करत, तो आवाज आज त्यांच्याच गळ्यातून निघाला.

संध्याकाळी जिमखान्याच्या कमिटीपुढे डेप्युटी कलेक्टर मोहोळकरांचं नाव यायचं होतं. देशी माणूस तिथे अजून कुणी सभासद झाला नव्हता. नाव सुचवणार जज्जसाहेब, आणि सुचवण्याआधी माणूस खेळतो कसा ते एकदा बघावं, असं त्यांच्या मनात आलं होतं. हरणाऱ्याला ते माफ करत. नियम वाकवणाऱ्याला नाही. नव्या पेठेतल्या गप्पांत मात्र रावसाहेब सभासद होऊन आठवडा उलटला होता.

त्यात रावसाहेबांचे गोल्फचे दांडे जुने. बदलून गेलेल्या कुणा कर्नलचे, लिलावात घेतलेले, लाकडी. जज्जसाहेबांचे नवे पोलादी दांडे उन्हात चमकत. यांचे उन्हात वाळत आणि टोकाचं लोखंड खुळखुळे. म्हणून कुदळीचा दांडा भिजवतात तसे रावसाहेबांनी ते रात्रभर न्हाणीघरातल्या घंगाळात उलटे उभे केले होते. लाकूड फुगलं, लोखंड घट्ट बसलं. एक दांडा तेवढा घंगाळात मावला नाही. तिरप्या तोंडाचा, अडचणीतला चेंडू उचलून काढायचा. सकाळपासून रावसाहेब त्या एका दांड्याला भीत होते. पट्टेवाला शिवपुत्र पिशवी घेऊन चालला की तो आत वाजे, आणि तो वाजला की रावसाहेब खोकत.

"हे काय केलंस, बाई?" त्यांनी विचारलं.

"म्या कुटं काय केलं? त्येनं केलं," बाईने दगडाकडे बोट केलं. "सुनंची कूस उजवंना, चार सालं झाली. आज म्हनलं, द्येवा, व्हय का न्हाय त्ये येकदा सांग. तर आभाळातनं ह्ये आलं की, त्येच्या पायाशी." मग तिने रावसाहेबांचे बूट पाहिले. "तुमी नमस्काराला आला न्हवं?"

रावसाहेब बी.ए. होते. म्हसोबावर त्यांचा विश्वास नव्हता. म्हसोबाचं त्यांच्याबद्दल काय मत असेल, हा प्रश्न कॉलेजात निघाला नव्हता.

"हा चेंडू हरवला असं धरलं तर?" त्यांनी जज्जसाहेबांना विचारून पाहिलं.

"हरवलेला चेंडू दिसत नसतो, रावसाहेब. हा तर मघापेक्षा जास्त दिसतो आहे."

"पण त्याला रंग..."

"रंगाबद्दल नियम काही म्हणत नाहीत. पडला तसा खेळायचा." जज्जसाहेबांनी पाइप शिलगावला. "तुम्हाला डाव सोडता येतो. पण सोडणारे सभासद आमच्याकडे पुष्कळ झालेत. आणखी नकोत, असं कमिटीचं म्हणणं आहे."

बाईला इंग्रजी कळत नव्हतं, पण ती उठली नाही.

"कुटला देऊ, रावसाहेब?" शिवपुत्रने विचारलं.

रावसाहेबांनी दगडाकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तो दांडा आपण होऊन मागितला.

"त्यो?" शिवपुत्रचा आवाज खाली आला. "त्यो हालतोय की."

"तोच."

बाईने डोळे मिटून हात जोडले. रावसाहेबांनी दांडा उचलला, एरवीपेक्षा अंमळ जास्तच उंच नेला, आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून फिरवला. लोखंड सुटलं, दगडावरून गेलं, बाभळीवरून गेलं. शेळ्या पांगल्या. नुसतं लाकूड चेंडूवरून सुं करत निघून गेलं. चेंडू हलला नाही. शेजारचा कांदासुद्धा हलला नाही.

रावसाहेबांना हसू येत होतं, म्हणून त्यांनी चेहरा फार दुःखी केला. "जुना माल, साहेब," ते म्हणाले. "नाइलाज आहे."

बाई शेळ्या वळवायला गेली आणि येताना लोखंडाचा तुकडा घेऊन आली. तिने तो चेंडूच्या शेजारी नीट मांडला, आणि बोटांवर उरलेला शेंदूर त्याला पुसला.

"ह्येबी ठिवून घेतलं त्येनं," ती म्हणाली.

जज्जसाहेबांनी पाइप तोंडातून काढला. सगळ्या बाजूंनी विचार झाल्यावर निकाल द्यावा तसे ते सावकाश बोलले.

"दुर्दैव. हा फटका मोजला जाईल. हत्यार मोडल्याबद्दल मात्र शिक्षा नाही. चेंडू अजून तिथेच आहे, रावसाहेब. दुसरा दांडा घ्या."

बाई पुन्हा चेंडूपाशी बसली. रावसाहेबांनी हातातलं लाकूड खाली ठेवलं, आणि शिवपुत्रकडे पाहिलं.

शिवपुत्रने पिशवी जमिनीवर टेकवली. त्याने एकेक दांडा बाहेर काढला, कानाशी नेऊन हलवला आणि परत ठेवला. शेवटचा ठेवल्यावर तो रावसाहेबांच्या जवळ सरकला.

"न्हाय, रावसाहेब," तो हळूच म्हणाला. "समदे घट्ट हायती."