फाटकासमोरचा डाग

सकाळी घराच्या फाटकासमोर तेलाचा ताजा डाग दिसला की मेकॅनिकच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "कुठला हरामखोर रात्रीचा इथे गाडी लावतो? सापडू दे, तंगडं मोडून हातात देतो!" असं ओरडत तो डागावर लाकडाचा भुसा पसरायचा आणि खराट्याने घासत बसायचा.

एक दिवस वहिनी गाडी घेऊन गॅरेजात आली. इंजिनाचं ऑइल सील गळत होतं.

"तुम्ही का आलात? तुमच्या नवऱ्याचे पाय मोडलेत?" मेकॅनिक खेकसला.

"तुमची पायरी पुन्हा चढणार नाही म्हणाले होते ना, भावोजी. अजून तेच धरून बसलेत."

"नका चढू म्हणावं! माझं अडलंय खेटर!"

तणतणतच तो गाडीखाली शिरला. जुनं सील उपटून काढलं, नवं ठोकून बसवलं. बाहेर सरकताना त्याची नजर पुढच्या चाकावर गेली. टायरच्या खाचांमध्ये तेलात भिजलेला लाकडाचा भुसा ठासून बसला होता.

तो उठला तोच ओरडत.

"दादाला सांगा वहिनी, गळती बंद केलीय, आता डाग पडायचा नाही. आलास की हॉर्न वाजव म्हणावं, गाढवा! तू नको चढूस पायरी, मी उतरतो."